शेऱ्याचा रकाना

जानेवारीतली पाखरांची मोजणी. पहाटे साडेसहाला
वनखात्याच्या फाटकावर पावती फाडली:
ज्येष्ठ नागरिक एक, दुर्बीण एक, होडी निम्मी.
तेजलच्या हातात छापील तक्ता,
आणि समोर नाथसागर,
ज्याचा तळ मी एके काळी साखळीनं मोजलाय.

नातीला हे सांगितलं तर म्हणाली,
आजोबा, तळ कसा मोजतील साखळीनं?
म्हटलं, तेव्हा तो तळ नव्हता.
जिरायत होता. थोडं बागायत. बाकी पोटखराब.

सखाहरीनं वल्हं टाकलं.
ओल्या टिपणावर शाई फुटावी
आणि बांध कुठला, नाला कुठला कळू नये,
तसं धुकं.
जाळ्यात काय काय येतं ते तो सांगत राहिला:
मरळ, कटला, फुटकी घागर,
आणि एकदा शिशाचं नाणं, वर हत्ती.
सातवाहनाचं असंल म्हणे, मास्तर बोलले.
कुठंय आता?
जाळ्याला वजन म्हणून बांधलं, साहेब. बरं बसलं.

पहिल्या उथळावर तीनशेवर पट्टकदंब,
प्रत्येकाच्या डोक्यावर दोन काळ्या रेघा,
चुकलेली नोंद खोडावी तशा.
हिमालयावरून येतात, तेजल पुस्तकातून वाचत होती.
मी मात्र धरणाची भिंत कुठं, सूर्य कुठं
ते बघून बोटांवर अंदाज धरत होतो:
सर्वे नंबर एकशे चौदा.
खातेदार द्वारकाबाई भ्रतार लिंबाजी.
कापूस. विहीर पक्की, एक.
चिंच, एक.

त्र्याहत्तर साली मी तेवीस वर्षांचा, पायात नव्या चपला,
दप्तरात निजामी बंदोबस्ताच्या नकला,
अर्ध्या उर्दूत; त्या वाचून दाखवायला
मदारसाहेब पेशकार रोज एका चहावर यायचे
आणि 'नाला' शब्द आला की उगाच खाकरायचे.
झाडांवर डांबरानं आकडे घालत चाललो होतो.
चिंचेखाली बाई उभी.
झाडाचं किती?
सांगितलं.
"अन् वरल्या बगळ्यायचं?"

मान वर केली. पन्नासेक घरटी असतील,
खाली पाचोळ्यावर पांढरे शिंतोडे, शिळ्या माशांचा वास.
म्हटलं, बाई, त्याला रकाना नाही.
ती भांडली नाही.
"मंग नुस्तं लिव्हा, हायेत म्हनून."

रकाना नव्हता, हे खरं.
शेऱ्याचा होता.

आज तेजलच्या तक्त्यात सगळं पाखरांचंच:
जात, संख्या, पिल्लं, अंतर मीटरमध्ये.
चक्रवाक बेचाळीस. थापट्या एकशे दहा.
रोहित लांब, उकळत्या हवेत थरथरणारी गुलाबी रेघ,
ते अंदाजे लिही म्हटलं, ती अंदाजे लिहीत नाही.
माझ्यावर गेली नाही पोरगी, बरं आहे.

शेवटी तिथंही शेरा.
त्यात काय लिहायचं असतं गं?
काही नाही, रिकामाच ठेवायचा.

पेन मागून घेतलं. थंडीनं बोटं वळेनात.
चिंच, एक, लिहिलं. पुढं बगळे, पन्नास.
खोडलं. अंदाजे पन्नास.
तेजल वाकून बघते: हे कुठं दिसले तुम्हाला?

सखाहरीनं ओळखलं असावं.
वैशाखात या, म्हणाला, पाणी उतरलं की
हितं बुंधा निघतो चिंचेचा, काळाकुट.
पाणकावळे बसत्यात त्याच्यावर
पंख वाळू घालून, धुणं घातल्यावानी.

त्याच्यावर आकडा दिसतो का रे, डांबराचा?

त्यानं वल्हं पाण्याबाहेर धरलं. ते निथळत राहिलं.
कसला आकडा, साहेब?

पलीकडे कुणीतरी इंजिन सुरू केलं
आणि तीनशेच्या तीनशे एकदम उठले.
तेजल म्हणाली, गेली मोजणी,
पहिल्यापासून करावी लागेल.