कोपऱ्यातला खर्ज

दुकानदार म्हणाला होता, हे स्पीकर गोड बोलणार नाहीत.
मी हसले. वाल्पराइसोत गोड बोलणारे
पैशाला पासरी मिळतात,
म्हणून तर हे घेतले.
दोन काळे खोके, एकेक साडेसात किलोचा,
टेकडीच्या एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या चढवून आणले
आणि पत्र्याच्या खोलीत, कोपऱ्यात,
भिंतीला पाठ लावून बसवले.

त्या रात्री निबाल्दोची गिटार लावली.
चाळीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस.
डाव्या करंगळीचं शेवटचं पेर नाही;
ते कुठे गेलं, हे दर वेळी वेगळं सांगतो.
खर्ज असा दाटून आला
की टेबलावरचा पेला चालू लागला.
जास्तच झालाय, म्हटलं, नि उतरवला थोडा.
मग अजून थोडा,
खारट रश्शात पाणी ओतत जावं तसा.

सकाळी एलादियोच्या शेअर टॅक्सीत वाजवून पाहिलं.
वळणावर त्यानं गिअर बदलला, कान दिला, विचारलं,
"कोण हा? दातकोरणीनं वाजवतोय?"
एर्मिंदा मावशीच्या ओट्यावरच्या रेडिओत तेच.
फोनवर तर गिटार नव्हतीच,
नुसती नखं.

तीन आठवडे मी स्पीकरना शिव्या घातल्या.
चौथ्यात कळलं, बोलत होता तो कोपरा.
दोन भिंती एकमेकींच्या कानाला लागून
एकाचे चार करून सांगत होत्या.
आणि खोलीच्या बरोबर मधोमध, माझ्या खुर्चीपाशी,
त्याच्याच शेजारचा एक स्वर
कधीचा बुडालेला.
खुर्ची दोन वीत मागे घेतली, तर वर आला,
नाकातोंडात पाणी गेल्यासारखा.

मग भिंतीपासून हातभर पुढे ओढले खोके.
मागे पाहुण्यांची गादी उभी केली.
"पाहुणे आले तर?" मावशीनं विचारलं.
उभे झोपतील, म्हटलं.
महिनाभर रेकॉर्डचं बटण दाबलं नाही.
फक्त पाठ असलेली गाणी ऐकली,
पुन्हा पुन्हा, हळू आवाजात,
नव्या शेजाऱ्याचा खोकला ओळखीचा होईपर्यंत.
फ्रिज कुठल्या स्वरावर अडून बसतो ते कळलं.
वारा पत्र्याला काय म्हणतो, ते वजा करायला शिकले.
चांगलं वाजतंय की नाही, हे विचारणं
कधी थांबलं, आठवत नाही.

परवा निबाल्दोची तीच गिटार पुन्हा लावली.
खर्ज आता आपल्या जागी, मांडी घालून बसलेला.
आणि त्याच्यामागे, आजवर न ऐकलेलं काहीतरी:
टक.
चार मात्रा सोडून पुन्हा, टक.
मी केबल तपासली. दुसरी लावली. टक.

निबाल्दोला बोलावलं. पायऱ्यांनी दमला होता,
टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत राहिला.
"पुसून टाकू?" मी विचारलं.
त्यानं डावा हात उचलला, 
करंगळीचं थोटूक खुर्चीच्या दांड्यावर आपटलं.
टक.
"इथे आहे होय," म्हणाला,
"आणि मी लोकांना सांगत सुटलोय,
समुद्रात पडलं म्हणून."

टॅक्सीत ती टक ऐकू येत नाही.
रेडिओवर तर नाहीच.
एलादियो काही बोलला नाही.
वारा आत येत होता,
त्यानं काच वर घेतली, इतकंच.