दीड इंच माया

तिला आणि मला एकाच आठवड्यात मूल झालं.
तिला मुंबईत, समुद्र दिसणाऱ्या खोलीत.
मला कर्वे रोडच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीखाली रिक्षा स्टँड.
तेव्हापासून मी तिच्याशी दिवस जुळवत बसले आहे.

बाविसाव्या दिवशी ती विमानतळावर, गॉगल लावून.
बाविसाव्या दिवशी मी शिंकले
आणि टाक्यांवर हात दाबून भिंतीला टेकले.
चाळिसाव्या दिवशी तिची जुनी जीन्स,
खाली बारा लाख लाल बदाम.
माझ्याकडचे बदाम खारकांबरोबर कुटलेले,
सासूबाईंनी मोजून भरलेले,
रोज एक लाडू.
मी अर्धा खाल्ला.
अर्धा रुमालात गुंडाळून उशीखाली.

पहाटे तीनला पाजताना
एका हातात मुलगी असते, एका हातात ती.

ओककाकू जिन्यात भेटल्या.
"अजून एक आहे की काय गं आत?"
आणि स्वतःच हसल्या, भाजीची पिशवी सावरत.

लांबलेलं बारसं रविवारी ठरलं.
लग्नातल्या जांभळ्या ब्लाउजात
माझा एक दंडसुद्धा जाईना.

शनिपाराजवळ, जिन्याखालच्या गाळ्यात डोईफोडेबाई.
टेप गळ्यात, चष्मा कपाळावर.
मी आधीच सांगून टाकलं,
"महिन्याभरात उतरेल हो."
त्यांनी मान वर केली नाही.
"तेव्हाचं तेव्हा. रविवारी कोण घालणारे?"

ब्लाउज उलटा केला, शिवण चिमटीत धरली.
"माया आहे की भरपूर. दीड-दीड इंच.
मीच ठेवलेली."
मग ब्लेड लावता लावता,
"टाक्यांची खूण राहील थोडी. चालेल ना?"
माझा हात आपसूक पोटाशी गेला.

शिवण उघडली.
आत चार वर्षं मिटून पडलेली पट्टी,
ऊन न लागलेली,
इतकी गडद जांभळी
की बाहेरचं कापड विटलंय
हे मला तेव्हा कळलं.

का कोण जाणे, मी मोबाईल काढला.
"ही बघा. आम्ही एकाच आठवड्यातल्या."
बाईंनी चष्मा खाली ओढला,
फोटो दोन बोटांनी मोठा केला,
चेहरा सोडून आधी काखेतली शिवण पाहिली.
"सिरियलवाल्यांचे शिवलेत मी.
मागून पिनाच पिना. समोरून काय दिसणार."
मग बोटं वर सरकली, थांबली.
"झोपलेली नाही गं ही."
मोबाईल परत दिला.
"दीडशे रुपये. शनिवारी ये, सहानंतर."

बारशाला ब्लाउज बसला.
दोन्ही कुशींना दोन गडद पट्टे,
शेजारी भोकांची बारीक रांग.
ओककाकूंनी पाहिलंच.
घुगऱ्या घेताना म्हणाल्या, "उसवून घेतलास वाटतं?"
मी म्हटलं, हो, माया होती.

रात्री तीन.
ब्लाउज अजून अंगातच, खालचे दोन हूक सोडलेले,
पुढे दुधाचा गोल डाग.
मी पुन्हा तिचा फोटो उघडला.
कंबर मोठी करून पाहिली, खोटं कशाला बोलू.
मग डोळे.
खाली रिक्षावाला कुणाशी तरी भाड्यावरून भांडत होता.
मुलगी ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती.
मी उशीखाली हात घातला.
लाडवाला मुंग्या लागल्या होत्या.
झटकला, आणि खाल्ला.