व्यवसायाचा रकाना

सोसायटीच्या फॉर्मवर व्यवसायाचा रकाना
मी दोन वर्षं कोरा ठेवलाय.
सेक्रेटरी धोंगडे विचारतात, म्हणजे नेमकं काय?
मी म्हणतो, घरूनच. कॉम्प्युटरवर.
त्यांचा भाचाही घरूनच करतो, कॉम्प्युटरवर.
विषय पार्किंगवर जातो.
पोकर म्हटलं तर तो परत यायचा नाही.

साडेनऊला जेवतो. भात नाही.
भात खाल्ला की अकरानंतर
दहल्यासुद्धा राजासारखा दिसायला लागतो.
वीस मिनिटं टिळकनगरच्या आमच्या गच्चीवर चालतो.
माहुलकडे रिफायनरीची ज्योत असते,
वारा कुठला ते तिच्यावरून कळतं,
बाकी काही नाही.

मग दार लोटून चार टेबलं उघडतो.
पान येतं, टाकतो.
पान येतं, टाकतो.
किल्वर सत्ती, बदाम दुर्री. टाकतो.
चौकट गुलाम, इस्पिक तिर्री.
गुलाम ओळखीचं हसतो. टाकतो.
शंभरातले ऐंशी डाव मी खेळतच नाही,
पगार बहुतेक त्याचाच मिळतो.

आत्याकडे मेंढीकोट खेळताना
हुकमाचं पान चटईवर आपटायचो,
आवाज यायला हवा म्हणून.
इथे आवाज बंद असतो.

वीजबिलाच्या पाठीवर लिहून भिंतीला लावलंय:
तीनदा पैसे संपले की उठायचं.
जिंकत असलो तरी एक वाजता पाणी.
राग आला तर कोणाचा ते आधी शोधायचं.
ही शेवटची ओळ मार्चमधली.
बाबांशी भांडून बसलो होतो,
पहाटेपर्यंत सव्वा लाख गेले.
भांडण पंख्याच्या स्पीडवरून होतं.

बाबा सहकारी बँकेत कॅशियर, एकतीस वर्षं.
पेपरचं पान उलटतानाही
बोट आधी ओल्या स्पंजकडे जातं,
स्पंज नसतो, मग हवेतून परत येतं.
माझी वही त्यांनीच आखून दिली:
तारीख, तास, फरक.
शेरा हा चौथा रकाना माझा.
त्यात जिंकलो-हरलो लिहायचं नाही,
कसा खेळलो एवढंच.
फरक वजा बावीस हजार, शेरा 'ठीक':
हे त्यांना पटायला आठ महिने लागले.
अधिक चाळीस हजार, शेरा 'लाज':
हे अजून पटत नाही.

शुक्रवारी तो येतो. गवतीचहा७१.
खरं नाव माहीत नाही,
टिपणं मात्र दीड पान आहेत.
दीडनंतर घाई करतो.
हरला की दुप्पट लावतो.
एकदा चॅटवर लिहिलं होतं,
मुलगी झोपली, आता बघतोच.

काल बघितलं त्यानं.
माझ्याकडे राण्या होत्या, दोन.
मी थांबलो,
जितकं थांबायचं तितकंच,
आणि त्याचं होतं नव्हतं ते सगळं आलं.
त्याच्या जागी लगेच दुसरा कोणी बसला.

सकाळी बाबांनी वही बघितली.
शेरा: चोख.
म्हणाले, आमच्याकडे कमी भरलं
तर खिशातून घालायचं.
जास्त भरलं तर रात्री साडेआठला
घाटल्यापर्यंत चालत गेलोय मी,
एका फरसाणवाल्याचे साडेतीनशे द्यायला.
तुझ्यात जास्त निघालेले
कोणाला परत करायचे असतात?

मी म्हटलं, तसं नसतं.
मग कसं असतं, ते त्यांनी विचारलं नाही.
बशीतला चहा फुंकत राहिले.

डोळ्यांत थेंब घातले, पडद्याला चिमटे लावले.
खाली गॅसवाला सिलिंडर गडगडवत होता.
झोप सात तास, नियमानं.
'चोख' खोडलं नाही, ते चोखच होतं.
फक्त मुलीबद्दलची ती ओळ
मी टिपणांत
कामाची म्हणून उतरवली होती की
कशी, ते आठवत पडून राहिलो.