सतरा

जिनिंगच्या काटापावत्या टाचलेल्या वहीत
शेवटच्या पानावर
मोठ्या मामाजींनी आमची नावं लिहून ठेवलेली.
आधी माणसं, मग बाया,
सगळ्यात खाली मी, कारण माहेरच्या यादीतून
माझं नाव कटून यायला
दोन उन्हाळे गेले होते.

गजूभाऊ कपबशीवाला चहा पिऊन उठला
तेव्हा त्यानं नावं विचारली नाहीत.
"काका, सतरा धरू ना?"
"धर."
गोठ्यात ढोरं किती, असं कोणी विचारावं तसं.

बदल्यात काय, ते आम्हाला कधी कळलं नाही.
कदाचित काहीच नसेल.
मामाजींच्या बहिणीचं मोडू घातलेलं लग्न
गजूच्या आज्यानं मध्ये पडून लावलं होतं म्हणे.
पन्नास वर्षं झाली.
ते उपकार मामाजी अजून मतांनी फेडत होते
आणि मतं आमची होती.

आदल्या रात्री रोडगे केले.
वरणाच्या गंजाभोवती घर बसलं.
"आपलं घर एकमुखी हाय.
दोन नंबरचं बटन. कप दिसला की दाबजा.
बायाहो, घाबरजा नोका, आवाज येते."
पुण्याहून आलेला रमण मोबाइलमध्ये बघत
हं म्हणाला.
मोठ्या सासूबाईंनी वांग्याच्या भाजीत
दुसऱ्यांदा मीठ टाकलं.

शाळेत, तिसरीच्या वर्गात,
खोक्याआड मी उभी. भिंतीवर बे एके बे.
वर कपाट, मधात कप, खाली शिवणयंत्र.
शिवणयंत्र म्हणजे सुलभा कोडापे.
मे महिन्यात टँकरपाशी
सगळ्या रांगेशी भांडून जिनं
माझी गुंडी पुढे लावली होती,
मला सातवा होता तेव्हा.
बोट कपावर गेलं, तिथंच राहिलं,
मग खाली आलं.
इतका लांब आवाज!
वाटलं, घरापर्यंत गेला.

आमच्या गावात कोणाचं मत कुठं
हे पोस्टमनला पत्ते असावेत तसं
सगळ्यांना पाठ.
म्हणून बेरीज सोपी होती.
बाकी वॉर्डाची चौऱ्याण्णव, आमची सतरा.
कपबशीला पडली एकशे सहा.
सुलभा चार मतांनी आली.

मामाजी वही घेऊन बसले.
पेन्सिल नावांवरून खाली गेली, वर आली,
कुठंच थांबली नाही.
सगळ्यांच्या बोटाला तीच शाई.
सगळ्यांची तोंडं जेवताना असतात तशीच.

पाच.
एक मी. बाकीचे चार कोण?
भाजी वाढता वाढता मीही
एकेकाचा चेहरा पाहत गेले,
मामाजींसारखीच. त्यांच्याच डोळ्यांनी.
रमणनं मान वर केली नाही.
मोठ्या सासूबाई भाकर थापत होत्या
आणि, कधी नव्हे ते, गुणगुणत होत्या.

मामाजी बोलले काहीच नाहीत.
फक्त ते पान वहीतून फाडलं
आणि त्यात सुपारी बांधून ठेवली.

यंदा गजूभाऊ पुन्हा आला. चहा झाला.
"काका, किती धरू?"
अडकित्त्यात सुपारी तशीच धरून
मामाजी बराच वेळ अंगणात पाहत होते.
"माह्यं एक धर."

त्या रात्री कोणी बोलावलं नव्हतं
तरी आम्ही एकेक करत ओसरीत येऊन बसलो.
कोणी पाणी प्यायला आलं, कोणी उगाच.
अठरा पूर्ण झालेली मंदाकिनी
नवं कार्ड हातात घेऊन सारखी विचारत होती,
"मोठेबाबा, सांगा ना, कोनतं दाबू?"
"तुले काय वाट्टे?"

असं या घरात कोणी कोणाला
अजून विचारलं नव्हतं.
पोर गप्प झाली. आम्हीही.
प्रत्येकाला वाटलं, आता पुढचा आपणच.
माझ्या तोंडाशी सुलभाचं नाव आलं होतं,
गुंडीसकट.

मग लाईन गेली.
खरं सांगते, बरं वाटलं.