खालून वर

पोस्टात बत्तीस वर्षं माझ्या हाताखालून टपाल गेलं.
शिक्का पुसट असला तरी बोटांना कळायचं
पाकीट कुठल्या बंदरात भिजलं ते.
आता वार्दोचं पोस्ट म्हणजे वाणसामानाच्या दुकानातली एक खिडकी,
गळाला लावायच्या आमिषाच्या डब्यांशेजारी.

म्हणून मी ईमेल वाचते.
मजकूर नाही. तो पाठच आहे:
कुणी बॅरिस्टर, कुणी वारस न ठेवता गेलेला खाणमालक,
नव्वद लाख, "प्रिय भगिनी",
आणि फक्त एक लहानसं आगाऊ शुल्क.
आगाऊ! शब्दच किती आगाऊ.

मी वाचते मजकुरामागचं रान.
वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का मारतो, वेळेसकट,
नवा शिक्का नेहमी जुन्याच्या वर.
म्हणजे खालून वर वाचायचं.
तळातला शिक्का खोटाही असतो.
दोन घड्याळं जुळत नाहीत
तिथे मी पेन्सिलीने टिंब काढते.

माझी धाकटी बहीण सोल्वाइग, तिने सात वेळा शुल्क भरलं.
नोटरीचं, कराचं, एका मोहरेचं,
मग आधीचे पैसे सोडवून घेण्याचं.
सातव्या वेळी बोटीतला वाटा विकला
आणि मला म्हणाली, गुडघे दुखतात, समुद्र नको.
मला कळलं तेव्हा ती मासा साफ करत होती.
"फार नम्रपणे लिहायचे गं.
एवढं नम्र मला कुणी लिहिलं नव्हतं."
सुरी धुतली. विषय संपला.

इथला सूर्य नोव्हेंबरात जातो तो जानेवारीत येतो.
त्या अंधारात मी उत्तरं दिली,
विसराळू, दमेकरी, पैसेवाली म्हातारी होऊन:
चष्मा हरवला, मांजर आजारी आहे,
खातं कुठलं म्हणालात? पुन्हा सांगा, ठळक अक्षरांत.
क्रमांक आला की लगेच किर्केनेसच्या पोलिसांकडे.
तिथला तरुण अस्लाक आधी हसला.
चौथ्या खात्यानंतर हसायचा थांबला.
नवव्यानंतर तोच फोन करू लागला.

फेब्रुवारीत म्हणाला, तुमचं अकरावं खातं गोठवलं.
त्या संध्याकाळी मी दोघींपुरती वॅफल भाजली,
कारण सांगितलं नाही.

तीन दिवसांनी पुन्हा फोन. आवाज खाली.
खातेदार सेतुबालचा, पोर्तुगालमधला. वय एक्क्याऐंशी.
जाळी विणायचा. नाव अब्दियश.
त्यालाही पत्र आलं होतं: प्रिय बंधू,
पैसे तुमच्या खात्यातून पुढे पाठवा,
तुम्ही भरलेलं शुल्क त्यातून फिटेल.
आता त्याचं पेन्शनही तिथेच अडकलंय.
"तुम्ही बरोबरच केलंत," अस्लाक म्हणाला.
बरोबरच. मीही तेच म्हणाले,
फोन ठेवल्यावरही दोनदा.

मग पुन्हा शिक्क्यांच्या रांगेत शिरले.
लिहिणारा अजून ताकास तूर लागू देत नाही.
पण मधल्या मुक्कामांवर माणसं राहतात,
हे पोस्टातल्या बाईला
कुणी सांगावं लागू नये.

अस्लाकचं म्हणणं, दोघांना एकाच हाताने फसवलं
असं दाखवता आलं तर म्हाताऱ्याचं काम हलेल.
त्यासाठी दुसरी तक्रार हवी. सहीची.
मी सोल्वाइगला विचारलं नाही. जेवताना नुसतं सांगितलं.
ती उठली. बटाटे गार होईपर्यंत आली नाही.
आली ती बिस्किटांचा डबा घेऊन,
आत सातही पत्रं, छापलेली, घडी घातलेली.
"प्रिय भगिनी"मधली तीच चूक,
तोच स्वल्पविराम, जिथे नको तिथे.

तक्रार तिने स्वतः लिहिली. चार पानं.
पाचवं पान वेगळ्या पाकिटात, अब्दियशसाठी,
अस्लाक पुढे पोचवेल.
त्यात काय लिहिलंय मला माहीत नाही.
फक्त मधेच एकदा विचारलं,
सुताच्या जाळ्याला गाठ कुठली मारतात तिकडे?

दुकानातल्या पोराने दोन्ही पाकिटं तोलली.
"किती?" सोल्वाइगने विचारलं, आणि तो आकडा
पुन्हा सांगायला लावला.
नाणी एकेक करून मोजली.
पावती मागून घेतली.