सहा कप

जूनमध्ये डंडीला रात्र अशी नसतेच.
अकरा वाजता आभाळ ताकासारखं पातळ,
साडेतीनला समोरच्या छपरावर सीगल भांडायला बसतात,
आणि मी दुपारी दोनच्या सुमारास, वाचनालयात,
परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगावर
हनुवटी टेकवते. क्षणभर.
परवा बावीस नंबरच्या बसमध्ये
इतकी गाढ लागली, की शेवटच्या थांब्यावर
ड्रायव्हरने खांद्याला हात न लावता
नुसतं खाकरून उठवलं.
घरी सांगितलं नाही.

डॉक्टर रॅट्रे तरुण आहेत, चांगल्या आहेत.
चहा किती, म्हणाल्या.
मी चार सांगितले. सहा होतात.
फोन उशाशी असतो का? असतो.
लेक ग्लासगोला, आई मिरजेला,
कुणाचा कधी वाजेल सांगता येत नाही.
पाळी? ती आता कळवून येत नाही.
मन कसं आहे?
याला आपल्याकडे ‘बरं आहे’ म्हणतात.
तेच मी इंग्रजीत म्हटलं.

रक्ताच्या तीन नळ्या भरल्या.
लोह जरासं कमी, थायरॉइड सरळ,
साखर काठावर, पण काठाच्या अलीकडे.
मग गोळ्या, पालक, निजायची ठरलेली वेळ
आणि जाड पडदे.

पडदे विद्याधरने लावले, स्टुलावर चढून.
उतरला तेव्हा धापा टाकत होता.
‘घे,’ म्हणाला, ‘आता झोप पोटभर.’

मग अंधार झाला,
आणि ऐकू जास्त यायला लागलं.

त्याचं घोरणं मला नवं नाही.
एकोणतीस वर्षं झाली.
पिठाच्या गिरणीवर माडीत राहणाऱ्याला
गिरणीचा आवाज कुठे जागवतो?
गिरणी बंद पडली की तो दचकून उठतो.

तशी मी उठते.
खोलीत काहीच नसतं तेव्हा.
मी मोजते, मनात, शाळेतल्या चालीवर,
अकरा, बारा, तेरा,
एकोणीसपर्यंत जाऊन आले आहे मी.
एकदा सव्वीस. तेव्हा कोपराने ढोसलं.
मग त्याच्या घशात काहीतरी तुटतं,
विहिरीच्या तळाशी जाऊन वर आल्यासारखा
तो श्वास ओढतो, कूस बदलतो,
माझा जीव भांड्यात पडतो.
तासाला वीसदा.
भांड्याला पोचे आलेत.

सकाळी म्हणतो, काय मस्त झोप लागली!
आणि टोस्टला लोणी लावता लावता
सुरी हातात तशीच,
डोळे मिटतो.

डॉक्टरांनी सगळं विचारलं,
बाजूला कोण झोपतं, तेवढं नाही.
त्यांची चूक नाही.
मीच गेले होते एकटी, माझी झोप पर्समध्ये घालून,
जशी काही ती
माझ्या एकटीच्या मालकीची.

गुरुवारी रात्री फोन उशाशी ठेवला
तो आवाज भरून घ्यायला.
शुक्रवारी जेवणं झाल्यावर, ताटं तशीच ठेवून,
त्याला ऐकवलं.
आधी हसला. ‘हा मी? हा तर ट्रॅक्टर.’
मग ट्रॅक्टर थांबला.
फोनमध्ये नुसती आमची खोली,
लांबवर एक सीगल,
ब्लँकेटची सळसळ (ती माझी).
त्याने फोनकडे पाहिलं, बंद पडला की काय म्हणून.
आकडे पळत होते.
तो हलला नाही.
ऐकता ऐकता त्यानेही
श्वास धरून ठेवला होता, नकळत,
हे मला दिसलं,
आणि मी, स्वयंपाकघरात, भर दिव्याखाली,
मोजायला लागले.

मंगळवारची वेळ मिळाली आहे, सव्वानऊची.
दोघं जातोय.
तो म्हणतो, माझं काय सांगायचं ते तूच सांग,
मला तिथे वेटिंग रूममध्ये पेंग येईल.
येऊ दे.
मी या खेपेला चहा सहा सांगणार आहे.