सलग

गणित सोपं होतं, गजू सांबरेकर सांगायचा:
एखादं गाणं पडलं तर चालतंय,
आख्खी कॅसेट पडली की संपलं,
पुन्हा एकपासून मोजायचं.
कुस्तीत पाठ टेकली की टेकली गा,
मागच्या अठरा कोण विचारतंय?

खडेबाजारात, दस्तगीरचाचाच्या दुकानात
सोल्डरिंगच्या धुरात आम्ही मोजत बसायचो
विलायती बँडांचे सलग चार, सलग पाच.
एकाचे सात होते,
पण सहावा गजूला मान्य नव्हता.
"त्यात ड्रम मशीनचा हाय," एवढंच म्हणायचा
आणि कुणाची तरी पाच वर्षं पुसून टाकायचा,
कपाखालचं ओलं वर्तुळ पुसावं तशी.

कव्हरं आम्ही बघितलीच नाहीत.
गोव्याहून आलेल्या कॅसेटवरून दुसरी, तिच्यावरून तिसरी,
नावं चाचाच्या हातची, बॉलपेननं,
इंग्रजी अक्षरांना उर्दूचा कल.
एका बँडचं नाव अकरा वर्षं चुकीचं घेतलं,
त्याच्यासाठी भांडलोही.

मग आमचाच एक निघाला.
'तिसरं गेट'.
टिळकवाडीत मालगाडी जाईपर्यंत
सायकलीवर एक पाय टेकून थांबलेल्या चौघांचा.
मल्लसर्ज अंकलगी गायचा, मोनाप्पा कडोलकर बेसवर,
ड्रमला कॅम्पातला रोमाल्ड, चर्चमधनं पळवलेला,
आणि गिटारला इरफान, चाचाचा पुतण्या,
त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मधेच
आकाशवाणी धारवाड बाजारभाव सांगायची.

अ बाजू मराठी, ब बाजू कन्नड.
"दोन्हीकडची मारतील," मोनाप्पा म्हणाला.
कुणी मारलं नाही.
दोन्हीकडच्यांनी आपली बाजू ऐकली,
पेन्सिलीनं मागं गुंडाळली,
परत तीच लावली.
ऑटोरिव्हर्सचा डेक ज्याच्या घरी,
त्याचाच तेवढा नाइलाज.

पहिली 'फाटक बंद'. अडीचशे प्रती.
दुसरी 'कुंदा': दूध करपायच्या अलीकडे
हात न थांबवता ढवळावं,
तसा एकच सूर, सोळा मिनिटं.
तिसरी 'डांबर', पाट्या काळ्या झाल्या त्या वर्षी,
शटर खाली ओढून केलेली.
बाहेरची घोषणा एका गाण्यात शिरलीय,
कुठल्या बाजूची ते कळत नाही.
ती संपली तेव्हा गजूनं मान वर केली नाही.
"सलग तीन," म्हणाला.
विलायतेत कुणाला एवढ्या लवकर दिले नव्हते त्यानं.

चौथी निपाणीला, तंबाखूच्या वखारीत,
दोन रात्रींत भरली.
मग रोमाल्ड जहाजावर गेला,
मल्लसर्जला वीजमंडळात बागलकोट मिळालं,
इरफानचं मला नक्की ठाऊक नाही.
चाचाच्या दुकानात मोबाईलची कव्हरं आली,
आणि ती एकुलती कॅसेट माझ्याकडे,
मिठाईच्या रिकाम्या डब्यात, बावीस वर्षं.

लावली नाही.
वाईट निघाली तर तीनवरच थांबलं.
चांगली निघाली तर
सांगायचं कुणाला?

गेल्या रविवारी गजू आला. उजवा कान गेलाय,
साखर वाढलीय, तरी कुंदा मागतो.
"काय लपवूलास?" डब्याकडे बघत.
डेकला हुबळीहून नवा बेल्ट आणला होता मी,
त्याला कसं कळलं कोण जाणे.
डावा कान स्पीकरला लावून बसला,
दाराला कान लावतात तसा.

आधी घरघर. मग कुणीतरी शिंकलं,
तंबाखूची शिंक, एकापाठोपाठ दोन.
मग मोनाप्पाचा आवाज:
एक, दोन...
आणि त्याच्या तोंडातून काढून घ्यावं तसं मल्लसर्जनं:
मूरू, नाल्कू...

गजूनं बटण दाबलं.

"इथपर्यंत धरूया," म्हणाला.
मी विचारलं, किती धरलेस?
तो चमच्यानं डब्याचे कोपरे खरवडत होता.
डेकमधून नव्या रबराचा,
गरम झाल्याचा वास येत होता.